सावित्रीपासून नेपच्यूनपर्यंत: नौपाड्यातली होल्स्ट श्रवणमाला

पहिल्या तीन बैठकांत ‘द प्लॅनेट्स’चा, म्हणजे होल्स्टच्या सात ग्रहांवरच्या प्रसिद्ध वाद्यवृंदरचनेचा, एकही स्वर वाजत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. या श्रवणमालेत नाव नोंदवणारे बरेच जण त्यातला ‘मार्स’ (मंगळ) ऐकायला म्हणून येतात आणि त्यांना चौथ्या रविवारपर्यंत थांबावं लागतं. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे आणि मालेचं सगळ्यात मोठं बळ तेच आहे. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराकडे मराठी श्रोत्याला घेऊन जायचं, तर ऋग्वेदाच्या आणि सावित्रीच्या वाटेनं जावं. त्या वाटेनं गेलं की ग्रहही वेगळे ऐकू येतात, आणि ते का, हे चौथ्या बैठकीत नीट कळतं.

आधी व्यवहाराचं. पाच रविवार, सकाळी साडेसात ते पावणेदहा. जागा गोखले रोडच्या मागच्या गल्लीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाहेर पाटी नाही, इमारतीला लिफ्ट नाही; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत दहा-बारा मिनिटं लागतात. गाडी आणू नये. सकाळी सव्वासातला राम मारुती रोडवर जागा मिळते, पण बैठक सुटेपर्यंत पुढे-मागे गाड्या लागून ती अडकते. पाच बैठकांचे दोन हजार रुपये, सुटी बैठक पाचशेला. खुर्च्या चौदा. प्रत्येक बैठकीला दोन पानांचं टिपण मिळतं आणि चहा शेवटी मिळतो, मध्ये नाही. हा नियम कडक वाटला तरी योग्य आहे, कारण होल्स्टच्या संगीतात इतक्या हळू जागा आहेत की बशीवर कप ठेवल्याचा आवाजही त्यावर मात करतो.

पहिल्या बैठकीचा पहिला पाऊण तास चरित्राचा. जन्म २१ सप्टेंबर १८७४, गाव चेल्टनहॅम. वडील अ‍ॅडॉल्फ पियानो आणि ऑर्गन वाजवणारे, शिकवण्या घेणारे. होल्स्ट सात वर्षांचा असतानाच आई क्लारा गेली. पणजोबा मूळचे रीगाचे; नावातलं ‘फॉन’ मात्र आजोबांनी प्रतिष्ठेसाठी जोडलेलं. हे ‘फॉन’ होल्स्टनं १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, सैनिकांना संगीत शिकवायला सालोनिका आणि कॉन्स्टँटिनोपलकडे जाताना कायमचं काढून टाकलं. मुलानं पियानोवादक व्हावं ही वडिलांची इच्छा. पण उजव्या हाताच्या नसांना सूज यायची, बोटं साथ देईनात, आणि तो रस्ता बंद झाला. दमा होता, म्हणून फुंकून छाती सुधारेल या विचारानं हाती ट्रॉम्बोन आला. १८९३ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये चार्ल्स स्टॅनफर्ड या संगीतकाराकडे रचनेचं शिक्षण सुरू झालं, १८९५ साली राल्फ वॉन विल्यम्स हा संगीतकार मित्र भेटला आणि दोघं आयुष्यभर एकमेकांच्या वह्या तपासत राहिले. कार्ल रोझा ऑपेरा कंपनीत, पुढे स्कॉटिश ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवून पोट भरणं चाललं. १९०५ पासून मरेपर्यंत हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत नोकरी, जोडीला प्रौढांसाठीचं मॉर्ली कॉलेज. रचना करायची ती शनिवार-रविवारी आणि सुट्टीत.

श्रवणमालेचे संचालक इथं एक गोष्ट फार चांगली करतात. ऑर्केस्ट्राच्या पूर्ण स्वरलेखनाचं एक पान समोर धरतात, वरपासून खालपर्यंत वाद्यांच्या ओळीच ओळी, आणि सांगतात की नसा दुखणाऱ्या हातानं अशी शेकडो पानं भरायची होती. म्हणूनच ‘द प्लॅनेट्स’च्या वेळी व्हॅली लास्कर आणि नोरा डे या शाळेतल्या सहकारी शिक्षिका लेखनाला बसल्या. पान हातात घेतल्यावर ही गोष्ट जितकी पटते तितकी नुसती सांगून पटत नाही.

मग संस्कृत. विशीच्या मध्यावर होल्स्टला भारतीय वाङ्मयाची गोडी लागली. मिळाली ती इंग्रजी भाषांतरं त्याला गाण्यायोग्य वाटली नाहीत, म्हणून त्यानं मेबल बोड यांच्याकडे संस्कृतचे धडे घेतले. तो पंडित झाला नाही. अक्षरं ओळखायची, शब्दकोशातून एकेक शब्द काढायचा आणि स्वतःचं इंग्रजी करायचं, इतपत त्याची मजल. पण गायकाच्या तोंडात बसतील असे शब्द त्याला हवे होते आणि ते त्यानं मिळवले. १९०७-०८ मधली ‘हिम्स फ्रॉम द ऋग्वेद’ ही एक आवाज आणि पियानोसाठीची नऊ गाणी त्यातूनच आली.

नऊपैकी पाच वाजवली जातात: उषस्, मरुत, बेडकांचं गाणं, सृष्टी आणि श्रद्धा. प्रत्येक गाण्याआधी मूळ सूक्ताची एक ऋचा म्हटली जाते. बेडकांचं गाणं म्हणजे सातव्या मंडलातलं मंडूकसूक्त, ‘संवत्सरं शशयाना ब्राह्मणा व्रतचारिणः’. वर्षभर मौनात पडून राहिलेले बेडूक पहिल्या पावसानं व्रतस्थ ब्राह्मणांसारखे बोलू लागतात. ‘सृष्टी’ म्हणजे नासदीय सूक्त. हे सगळं ज्याच्या कानावर कधीतरी पडलेलं आहे त्याला इंग्रजी शब्द नीट कळले नाहीत तरी गाणं कळतं. मालेचा पाया इथं पक्का होतो.

एका ठिकाणी मात्र सावध राहावं लागेल. सुरावटीत खालचा अर्धस्वर आला की ‘हा बघा भैरव’ असं अधूनमधून म्हटलं जातं. ते टाळायला हवं. होल्स्टनं भारतीय गायनाची नक्कल केलेली नाही. रागाचा चलन-न्यास (सुरांची चाल आणि थांबण्याच्या जागा) त्याच्या रचनेत नाही आणि वेदपठणातले उदात्त-अनुदात्त (उंच-खालचे स्वर) ही नाहीत. त्यानं घेतला तो आशय आणि सुटसुटीतपणा. कोमल रिषभ दिसला म्हणजे भैरव होत नाही, हे ठाण्यातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायची गरज नसावी.

दुसरी बैठक पूर्णपणे ‘सावित्री’ची, आणि पाचांपैकी एकच परवडत असेल तर हीच घ्यावी. याआधी होल्स्टनं ‘सीता’ नावाचा तीन अंकी ऑपेरा १९०० ते १९०६ अशी सहा वर्षं खपून लिहिला होता, रिकोर्डी या प्रकाशकाच्या स्पर्धेला पाठवला, बक्षीस मिळालं नाही. पुढे त्याला स्वतःलाच त्यात वाग्नर या जर्मन ऑपेराकाराच्या थाटाचा आरडाओरडा जास्त वाटू लागला. ‘सावित्री’ त्याच्या नेमकं उलट टोक. तीन गायक, पडद्यामागे न दिसणाऱ्या बायकांचा कोरस, आणि बारा वादक: दोन तंतुचतुष्टयं (प्रत्येकात दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो), एक डबल बास, दोन बासऱ्या आणि एक कोर आंग्ले (ओबोच्या जातीचं, खालच्या सुराचं फुंकवाद्य). लांबी साधारण अर्धा तास. रचना १९०८-०९ ची, पहिला प्रयोग लंडनमध्ये ५ डिसेंबर १९१६ रोजी. टिपणात १९१६ हे रचनेचं वर्ष म्हणून छापलंय, ते दुरुस्त करून घ्यावं. फरक लहान नाही. १९०८ साली लंडनमध्ये इतक्या थोड्या साधनांत ऑपेरा लिहिणं ही वेगळीच हिंमत होती, आणि १९१६ मानलं की ती दिसत नाही.

सुरुवात ऐकताना काय धरायचं ते संचालक अगदी नेमकं सांगतात. एकही वाद्य वाजत नाही. अंधारातून मृत्यूचा खर्जातला आवाज सावित्रीला हाक मारतो, मी मृत्यू आहे म्हणतो. सावित्री आतून गाऊ लागते. दोघांच्या ओळी एकमेकींवरून जातात, पण दोघांचा षड्ज वेगळा आहे. आपल्याकडे दोन गायक दोन पट्ट्यांत गाऊ लागले तर मैफल बसणार नाही. इथं तोच अंतराय रचनेचा विषय आहे: तिला तो ऐकू येतोय, पण ती त्याच्या सुरात जात नाही. पेटीवर काळी एक आणि पांढरी चार असे दोन सा आलटून पालटून धरून दाखवल्यावर समोरच्या सगळ्यांना हे एका झटक्यात कळतं. (होल्स्टचे प्रत्यक्ष स्वर ते नाहीत, दाखवायची ती फक्त कल्पना आहे, आणि तसं सांगितलंही जातं.)

कथेत केलेला बदलही तितकाच विचार करायला लावणारा. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री यमाच्या मागे चालत जाते आणि एकामागून एक वर मिळवते: सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, पित्याला शंभर पुत्र, स्वतःला शंभर पुत्र, आणि नवऱ्याशिवाय पुत्र कसे, या पेचात यम सापडतो. होल्स्टनं वरांची रांग काढून टाकली. त्याची सावित्री मृत्यूचं स्वागत करते. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, असं तो म्हणतो, तेव्हा ती आयुष्य मागते, भरलेलं, पूर्ण आयुष्य. ते तुझ्याजवळ आहेच, असं त्याला वाटतं. पण सत्यवान नसेल तर ते आयुष्य पूर्ण कसं? मृत्यू शब्दात अडकतो आणि माघारी फिरतो. ‘माया’ हा शब्द सुरुवातीपासून येत राहतो आणि शेवटी मृत्यू स्वतःलाही मायेत जमा करतो. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळताना जी सावित्री आठवते ती निष्ठेची सावित्री. ही तर्कानं जिंकणारी. अर्थात व्यासांची सावित्रीही तर्कानंच जिंकते, आपणच तिच्यातला तो भाग मागे टाकला आहे. बैठकीत यावर पंधरा मिनिटं चर्चा होते आणि ती पंधरा मिनिटं सत्कारणी लागतात.

वाजवलं जातं ते १९६५ चं ध्वनिमुद्रण: सावित्री जॅनेट बेकर, सत्यवान रॉबर्ट टिअर, मृत्यू टॉमस हेम्सली, आणि वाद्यवृंदाचं संचालन होल्स्टची मुलगी इमोजेन होल्स्टचं. निवड उत्तम. बेकरचा आवाज भरदार असूनही ती शब्द गिळत नाही. रिचर्ड हिकॉक्स या वाद्यवृंद-संचालकानं १९८३ साली केलेलं ध्वनिमुद्रणही चांगलं आहे, त्यात फेलिसिटी पामरची सावित्री जास्त तीक्ष्ण आहे. दोन्हींच्या सुरुवातीची दोन-दोन मिनिटं लागोपाठ ऐकवली तर फरक लगेच समजेल. सूचना म्हणून लिहून ठेवतो.

एक अडचण या बैठकीत हमखास येते. नऊच्या सुमारास आजूबाजूच्या स्वयंपाकघरांत कुकर लागतात. साडेसातला सुरू करून आधी गप्पा आणि नंतर ऑपेरा असा क्रम ठेवला, तर मृत्यूची पहिली हाक नेमकी शिट्टीत सापडते. क्रम उलटा करावा: पावणेआठला ऑपेरा, चर्चा नंतर. खुद्द होल्स्टची अपेक्षा हा प्रयोग उघड्यावर, झाडीतल्या लांब वाटेवर किंवा लहानशा वास्तूत, पडद्याशिवाय व्हावा अशी होती. येऊरच्या पायथ्याशी कुणी एखाद्या संध्याकाळी हे करून बघावं, पावसाळा सोडून.

तिसरी बैठक सगळ्यात कमजोर, आणि विषय सगळ्यात श्रीमंत असूनही. पहिल्या भागात ‘कोरल हिम्स फ्रॉम द ऋग्वेद’चा तिसरा गट आहे: बायकांचे आवाज आणि फक्त हार्प; उषा, आप, वेन आणि प्रवासी अशी चार सूक्तं. एकूण चार गट १९०८ ते १९१२ मध्ये लिहिले गेले आणि प्रत्येकाची वाद्यं वेगळी. पहिल्या गटात ‘टू द अननोन गॉड’ आहे, म्हणजे आपलं ‘कस्मै देवाय हविषा विधेम’. ते वाजवलं जात नाही, आणि त्याची खंत वाटते, कारण दर ऋचेअखेर परत येणाऱ्या त्या प्रश्नाचं संगीतात काय होतं हे मराठी श्रोत्याला सगळ्यात आधी विचारावंसं वाटेल.

दुसऱ्या भागात ‘द क्लाउड मेसेंजर’, होल्स्टचं मेघदूत. १९०९-१० मध्ये लिहिलेलं, मोठा कोरस, मोठा ऑर्केस्ट्रा, एकल स्त्रीस्वर, चाळीस मिनिटांहून मोठं. ४ मार्च १९१३ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला आणि तो पडला. होल्स्टला ते फार लागलं. त्याच वसंतात मित्रांबरोबर तो मायोर्काला गेला, तिथं क्लिफर्ड बॅक्स या लेखक मित्रानं त्याला ज्योतिषाची गोडी लावली, आणि त्यातून ग्रहांची कल्पना रुजली. म्हणजे मेघदूताच्या अपयशातून ‘द प्लॅनेट्स’कडे रस्ता जातो. इतका महत्त्वाचा सांधा टिपणात एका वाक्यात उरकलाय.

त्याहून मोठी उणीव म्हणजे संहिता हातात नसणं. हिकॉक्सचं १९९० चं ध्वनिमुद्रण वाजतं, ऐकायला छान आहे, पण कोरस गातोय ते इंग्रजी दाट आवाजात कळत नाही. यक्ष रामगिरीवर, म्हणजे आपल्या रामटेकवर, ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ ढगाला निरोप सांगतोय, हे ज्यांना पाठ आहे अशी माणसं समोर बसलेली असताना कुठला श्लोक चाललाय हे त्यांना कळू नये, ही चूक टाळता येण्यासारखी आहे. उपाय सोपा: एका पानावर डावीकडे कालिदासाचे दहा-बारा श्लोक, उजवीकडे होल्स्टचे त्याच जागेचे शब्द आणि शेजारी ध्वनिमुद्रणातलं मिनिट. दोन तासांचं काम आहे. पुढच्या फेरीत हे झालं तर ही बैठक दुसरीच्या बरोबरीनं उभी राहील. रचना म्हणून सांगायचं तर तिच्यात वाग्नर अजून पुरता सुटलेला नाही, मधला भाग रेंगाळतो. पण शेवटाकडे आवाज विरत जाण्याची जी जागा आहे ती पुढच्या ‘नेपच्यून’ची चाहूल देते.

आता चौथी. सुरुवातीला ‘बेनी मोरा’ या वाद्यवृंदरचनेचा शेवटचा भाग. दम्यासाठी डॉक्टरांनी कोरड्या हवेत पाठवलं म्हणून होल्स्ट १९०८ साली अल्जीरियाला गेला होता, तिथं ऐकलेल्या बासरीचा एक लहानसा तुकडा या भागात १६३ वेळा वाजतो. मोजत बसू नका, फक्त त्याच्याभोवती काय काय बदलतं ते ऐका. एकच गोष्ट धरून ठेवायची आणि भोवतीचं जग हलवायचं, ही युक्ती ‘मार्स’मध्ये शस्त्र होते.

‘मार्स’चा ठेका बोलून दाखवला जातो आणि ही पूर्ण मालेतली सगळ्यात सुंदर पाच मिनिटं आहेत. पाच मात्रा. पहिल्या मात्रेत तीन तुकडे, मग दोन सरळ मात्रा, चौथीचे दोन अर्धे, पाचवी सरळ. म्हणा: तकिट ता ता तक ता. तकिट ता ता तक ता. टाळी एक आणि चारवर. झपताल दोन-तीन असा चालतो, हा तीन-दोन असा लंगडतो. पाच-सहा आवर्तनं सगळ्यांकडून म्हणवून घेतली की मग ध्वनिमुद्रण सुरू होतं आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या गुडघ्यावर बोट हलू लागतं. तंतुवाद्यवाले इथं गजाच्या केसांऐवजी लाकडानं तारेवर मारतात, म्हणून तो खटखट आवाज. हा भाग १९१४ साली युद्ध पेटण्याआधीच मनात तयार झालेला होता. तो महायुद्धाचं वर्णन म्हणून लिहिला गेला असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही, आणि संचालक ते स्पष्ट सांगतात.

पण नेमकी ही खटखटच खोलीत हरवते. कारण मोजून सांगता येतं. खोली अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. बारा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा आवाज घुमतो. ‘मार्स’चा ठेका ‘जी’ या स्वरावर आहे आणि डबल बासचा खालचा जी ४९ हर्ट्झचा. दोन्ही इतके जवळ आल्यावर काठीचा आवाज ढोलासारखा फुगतो. बाजूच्या भिंतींवर गाद्या आणि गोधड्या टांगल्या आहेत, त्यांनी वरचा चरचरीत आवाज शोषला जातो. इतक्या खालच्या आवाजाला गोधडी पुरत नाही. उपाय बसण्याच्या जागेत आहे. हा घुमारा भिंतींलगत सगळ्यात जास्त आणि रुंदीच्या मधोमध सगळ्यात कमी असतो. त्यामुळे भिंतीला चिकटलेल्या खुर्च्या टाळाव्यात. स्पीकरही सध्या कोपऱ्यांत आहेत. ते मागच्या आणि बाजूच्या भिंतींपासून अडीच-तीन फूट आत घेतले तर निम्मं काम होईल.

‘मार्स’ दोनदा ऐकवलं जातं. पहिल्यांदा होल्स्टनं स्वतः लंडन सिंफनीबरोबर १९२६ साली केलेलं ध्वनिमुद्रण, सहा मिनिटांच्या थोडं पुढे. मग वाद्यवृंद-संचालक एड्रियन बोल्टचं १९७८ चं, आठ मिनिटांच्या आसपास. याच बोल्टनं २९ सप्टेंबर १९१८ रोजी क्वीन्स हॉलमध्ये निमंत्रितांसमोर पहिला प्रयोग केला होता. बाल्फर गार्डिनर या मित्रानं होल्स्टला परदेशी जाण्याआधी ती भेट दिली होती. म्हणजे एकीकडे रचनाकाराची लय, दुसरीकडे पहिल्या संचालकाची साठ वर्षांनंतरची. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, त्या घाईचा थोडा वाटा असेलही, पण होल्स्टच्या वेगात ‘मार्स’ यंत्रासारखं निर्दय होतं आणि तेच जास्त भिववतं. तकिटचे तीन तुकडे त्या वेगातच नीट टोचतात.

आपल्या नवग्रहांशी तुलना होणं अटळ होतं आणि ती चांगली केली आहे. होल्स्टकडे सूर्य, चंद्र, राहू, केतू नाहीत. युरेनस आणि नेपच्यून आहेत. एकूण सात. मंगळ युद्ध आणतो हे आपल्याला ओळखीचं. गुरू इथं ज्ञानाचा नाही, आनंदाचा. त्याच्या मधल्या संथ चालीवर १९२१ साली देशभक्तीचे शब्द बसवले गेले आणि इंग्लंडात ती घरोघरी पोचली. खरी गोम शनीची. साडेसातीच्या भीतीनं ऐकायला बसलेल्या श्रोत्याला होल्स्टचा शनी चकित करतो. तो वार्धक्य आणतो, संकट नाही. दोन सुरांमध्ये झोके घेणारी थकलेली सुरुवात, मग जवळ येणारी पावलं, घंटांचा धसका, आणि नंतर आलेलं शांतपण. होल्स्टचा स्वतःचा आवडता भाग हाच. मराठी घरात ऐकायला सुरुवात करायची तर सातांपैकी याच ग्रहापासून करावी.

‘नेपच्यून’च्या आधी पंखे बंद होतात, खिडक्या लावल्या जातात. उन्हाळ्यात ते अवघड जातं, तरी दुसरा मार्ग नाही, कारण हा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत अतिशय हळू आवाजात वाजवायचा आहे. शेजारच्या खोलीत बायकांचे दोन कोरस, प्रत्येकात तीन आवाज, शब्द नाहीत. शेवटचं माप, म्हणजे एका आवर्तनाएवढा तुकडा, आवाज नाहीसा होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि मधलं दार हळूहळू लावायचं, अशी होल्स्टची सूचना. ‘सावित्री’तला न दिसणारा कोरस इथं परत भेटतो. दोन रविवार आधी तो ऐकलेला नसता तर हे नातं लक्षात आलं नसतं. मालेचा क्रम या एका क्षणी सार्थ ठरतो.

घरी हे करून बघणाऱ्यांसाठी चार गोष्टी. ‘मार्स’चा शेवट लावून, जितका मोठा सहन होईल तितका आवाज ठरवा आणि मग संपूर्ण रचनेत बटणाला हात लावू नका, ‘नेपच्यून’ ऐकू येत नाही म्हणून मध्येच वाढवलं तर विरण्याचा अर्थ जातो. मोबाइल अ‍ॅपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय असते, ती बंद करा. एक संपल्यावर आपोआप दुसरं सुरू होणंही बंद करा, नाहीतर दार मिटत असतानाच एखादं भलतंच गाणं अंगावर येतं. आणि सोसायटीत रात्री अकरानंतरची वेळ धरा, हेडफोन असले तरी.

पाचव्या बैठकीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तीच तक्रार आहे. १९१७ चं ‘हिम ऑफ जीझस’, १९२३ साली व्यासपीठावरून पडून डोक्याला झालेली दुखापत, ‘एग्डन हीथ’, लष्करी बँडसाठीच्या दोन सूट (लहान तुकड्यांच्या संगीतमाळा), हार्वर्डमधलं १९३२ चं शिकवणं, २५ मे १९३४ रोजी शस्त्रक्रियेनंतर आलेला मृत्यू, चिचेस्टर कॅथीड्रलमध्ये ठेवलेल्या अस्थी: एवढं सगळं दोन तासांत कोंबलंय. १९२७ चं ‘एग्डन हीथ’ जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचं आहे आणि त्यातली तीनच मिनिटं वाजतात. तो अन्याय आहे. ‘द प्लॅनेट्स’नंतर मिळालेली प्रसिद्धी होल्स्टला पेलली नाही, तो जास्त जास्त कोरडं आणि नेटकं लिहीत गेला, लोक दूर गेले, आणि त्या एकटेपणातलं सगळ्यात खरं काम हेच. बँड सूट गाळून ते पूर्ण वाजवावं. सेंट पॉल्स शाळेनं १९१३ साली संगीतासाठी नवी इमारत बांधली, तिथं होल्स्टला आवाज आत न येणारी स्वतःची खोली मिळाली, आणि त्या शाळेच्या मुलींसाठी त्यानं ‘सेंट पॉल्स सूट’ लिहिला. ही गोष्ट शेवटच्या दहा मिनिटांत सांगून सूट पूर्ण ऐकवला जातो, ते छान.

पुढची फेरी दिवाळीनंतर आहे. नोंदणी फोनवर होते, पैसे पहिल्या रविवारी द्यायचे. दुसऱ्या रांगेतल्या मधल्या चार खुर्च्या आवाजाच्या दृष्टीनं सगळ्यात चांगल्या. नाव देतानाच खुर्चीही मागून घ्यावी.